किबिनाय ओव्हनमध्ये उकलतात आणि रस ट्रेवर जळतो: काय तपासायचं, कोणत्या क्रमानं

किबिनाय म्हणजे कच्चं मांस आणि कांदा भरून, काठ मुरडून ओव्हनमध्ये भाजलेल्या करंज्याच म्हणा. आधी लक्षणं. तुमचं दुखणं यात बसत असेल तर पुढे वाचा.

ट्रे आत सारून बारा-पंधरा मिनिटं होतात आणि मुरडीच्या मधोमध फट पडते. तिच्यातून तपकिरी रस बुडबुडत बाहेर येतो, ट्रेवर पसरतो, जळतो आणि घरभर धूर होतो. हा सगळ्यात नेहमीचा प्रकार.

दुसरा: मुरड शाबूत, वरून रंगही सुरेख, पण उलथन्यानं उचलायला गेलं की बूड ट्रेलाच राहतं. खालून पांढरं, ओलं, कच्च्या कणकेसारखं.

तिसरा: ट्रेमध्ये पिवळं लोणी तरंगतंय. किबिनाय बसलेले आहेत आणि मुरडीचे पीळ विरघळून सपाट झाले आहेत.

चौथा: मुरड घट्ट, पण पोट फाटलं.

पाचवा जरा फसवा असतो. बाहेरून काहीच बिघडलेलं दिसत नाही. कापलं की आत मोठी पोकळी, आणि मांस एका कोपऱ्यात गोळा होऊन कोरडं पडलेलं.

हे पाचही एकाच घरचे आहेत. मी लिथुआनियाच्या राजधानीत, विल्नियसला राहायला आल्यापासून हा पदार्थ इतक्या वेळा बिघडवला आणि इतक्या लोकांच्या स्वयंपाकघरात जाऊन दुरुस्त केला, की आता ट्रेवरचा डाग बघून सांगतो चूक कुठे झाली. कुणी विचारलं की तेच तेच सांगावं लागतं, म्हणून एकदाच लिहून काढतो.

ज्यांनी खाल्ले नसतील त्यांच्यासाठी दोन ओळी. किबिनाय हे त्राकायच्या कराइम या छोट्या समाजाचं खाणं. एक असेल तर किबिनास, अनेक असतील तर किबिनाय. त्राकाय विल्नियसपासून 28 किलोमीटरवर, तळ्यातल्या बेटावरच्या किल्ल्याचं गाव. लिथुआनियाचा ग्रँड ड्यूक वितौतास यानं चौदाव्या शतकाच्या अखेरीस क्रिमियातून कराइम कुटुंबं आणून इथे वसवली. भाषा तुर्की कुळातली, प्रार्थनागृहाला केनेसा म्हणतात, आणि त्यांच्या गल्लीतल्या जुन्या लाकडी घरांना रस्त्याच्या बाजूनं तीन खिडक्या. त्यांच्या हातचं मूळ सारण मेंढीच्या मांसाचं, कांदा घातलेलं, कच्चंच भरलेलं. आता दुकानात कोंबडीचे, पालकाचे, अगदी डुकराच्या मांसाचेसुद्धा मिळतात. कराइम धर्मात डुक्कर वर्ज्य आहे, त्यामुळे ही शेवटची भर कुणाची ते सांगायला नको.

आकार म्हणाल तर हुबेहूब करंजी, काठाला मुरड घातलेली. माझी फसगत नेमकी इथेच झाली. दिवाळीत आईबरोबर बसून मी शेकड्यानं करंज्या मुरडल्या आहेत, कातण न वापरता. त्यामुळे पहिल्या वेळी किबिनाय उकलले तेव्हा मी मुरडच घट्ट करत बसलो. मग दुहेरी मुरड, मग काट्यानं दाबून ठसे, मग अंड्याचा पांढरा भाग. उकलायचे ते उकललेच. करंजीचं सारण कोरडं असतं, तिच्या मुरडीला फक्त सारण अडवायचं असतं. किबिनायच्या पोटात ओलं मांस आणि कांदा असतो. एक मोठा चमचा, म्हणजे 15 ग्रॅम पाणी पूर्ण वाफ झालं तर तिला साधारण 25 लिटर जागा लागते. त्या वाफेपुढे कुणाच्याही आजीची मुरड टिकणार नाही. मुरड उकलणं हे दुखणं क्वचितच असतं, बहुतेक वेळा ती नुसती खूण असते.

डाग वाचा

काही बदलायच्या आधी ट्रे गार होऊ द्या आणि डाग बघा. घासून टाकू नका, पुरावा जातो.

तपकिरी, चिकट, करपलेला डाग म्हणजे सारणाचं पाणी बाहेर आलं. पिवळा, लोण्याचा वास येणारा, गार झाल्यावर गोठणारा थर म्हणजे पारीतलं लोणी वितळून गळलं. पांढरट, मेणासारखा थर ही मेंढीची चरबी, ती थोडी असेल तर दुर्लक्ष करा. डाग अजिबात नाही आणि तरी बूड ओलं, तर ओव्हनची खालची आच कमी पडते.

तपकिरी डागवाल्यांनी पुढची पहिली चार कामं आधी करावीत. पिवळ्या डागवाल्यांनी सरळ थंडाव्याच्या मुद्द्यावर यावं.

तुलना करायला माझं माप देतो. मैदा 500 ग्रॅम, थंड लोणी 200 ग्रॅम, ग्रिएतिने म्हणजे इथलं आंबट साईचं क्रीम 200 ग्रॅम, एक अंडं, चमचाभर मीठ. सारणाला मांस 500 ग्रॅम, कांदा 200 ग्रॅम, मीठ, मिरी, दोन-तीन चमचे गार रस्सा. यात चौदा किबिनाय होतात.

1. भोक आहे का?

फुकटचं काम, म्हणून पहिलं. प्रत्येक किबिनासच्या पोटावर, मुरडीपासून दूर, काडी घालून एक भोक पाडा. पेन्सिलीच्या टोकाएवढं हवं. काट्यानं टोचलेली बारीक छिद्रं वरून अंडं लावलं की बुजून जातात, त्यामुळे अंडं आधी लावा आणि भोक नंतर पाडा. हा क्रम उलटा केल्यामुळे फुटलेले ट्रे मी मोजायचे सोडून दिले.

वाफेला वाट मिळाली की ती मुरडीवर जोर काढत नाही. चौथं लक्षण, पोट फाटण्याचं, बहुतेकदा एवढ्यानंच जातं.

2. काठ कोरडा आणि स्वच्छ आहे का?

सारण काठापासून दीड सेंटीमीटर आत थांबलं पाहिजे. बोटाला लागलेली चरबी काठाला पुसली गेली तर तिथे पारी पारीला धरतच नाही. वरून मुरड कितीही देखणी दिसो. पिठी जास्त भुरभुरली तरी तेच. मी सारण चमच्यानं भरतो आणि मुरड घालायचा हात वेगळा ठेवतो. काठाला बोटभर पाणी पुरतं.

आणि आधी दाबा, मग मुरडा. घडी घातल्यावर आतली हवा बाहेर ढकलत काठ नुसता चिमटीनं दाबून बंद करायचा. तो बंद झाल्यावरच पीळ घालायचा. थेट मुरडायला घेतलं तर पिळांच्या मधे बारीक बोगदे राहतात. करंजीत ते चालून जातात.

3. कांदा कधी घातला?

माझ्या मते निम्म्याहून अधिक प्रकरणं इथे मिटतात, म्हणून जरा सविस्तर.

बहुतेक लोक मांस, कांदा, मीठ, मिरी सगळं एकत्र कालवून ठेवतात आणि मग पीठ मळायला घेतात. पीठ मुरणार, लाट्या होणार, पाऱ्या लाटणार; तासभर तरी जातो. तेवढ्यात मीठ कांद्यातलं पाणी खेचून काढतं. कांद्याच्या कोशिंबिरीला मीठ लावून ठेवलं की वाटीत पाणी दिसतं, तेच. ते पाणी वाडग्याच्या तळाशी साचतं, शेवटच्या सहा-सात किबिनायमध्ये सगळं जातं, आणि नेमके तेच फुटतात. "अर्धे चांगले झाले, अर्धे फुटले, ओव्हन एकसारखा तापत नाही" अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, फुटलेले शेवटी भरले होते का? उत्तर जवळजवळ नेहमी हो असतं.

खात्री करायची तर भरायच्या आधी सारण चाळणीत दहा मिनिटं ठेवा, खाली वाटी. वाटीत दोन चमच्यांहून जास्त पाणी जमलं तर दोषी सापडला.

उपाय सोपा आहे. मांसाला मीठ आणि रस्सा लावून हातानं चांगलं कालवा. मीठ लागलेलं मांस कालवताना चिकट होतं आणि तो रस्सा धरून ठेवतं. हे तयार ठेवायला हरकत नाही. कांदा मात्र बारीक चिरून वेगळा ठेवा आणि पाऱ्या लाटून झाल्यावर शेवटी मिसळा, चोळू नका. मिसळला की लगेच भरा.

गोठवलेलं मांस असेल तर ते फ्रिजमध्ये, चाळणीत ठेवूनच वितळू द्या. जे पाणी गळेल ते सारणात घालायचं नाही.

इथे एक इशारा. घाबरून सारण कोरडं करू नका. किबिनासच्या पहिल्या घासाला रस हनुवटीवर आला नाही तर तो फसलाच. मला रस हवाच आहे, फक्त तो मांसात धरलेला हवा, तळाशी मोकळा वाहणारा नको. रस कमी वाटला तर भाजून झाल्यावर त्याच भोकातून चमचाभर कढत रस्सा ओता.

4. वजन

अंदाजानं भरू नका, दोन-तीन तरी तोलून बघा. पारीची लाटी 65 ते 70 ग्रॅम, सारण 50 ग्रॅम. लाटल्यावर पारी 13 सेंटीमीटर रुंद आणि 4 मिलिमीटर जाड. आपला हात पोळीचा, तो नकळत पातळ लाटतो. 2 मिलिमीटरची पारी सारणाच्या ओलाव्यानं भाजायच्या आधीच भिजते. आणि "भरगच्च हवं" हा आपला दुसरा रोग. 80 ग्रॅम सारण कोंबलेली पारी ताणून बंद करावी लागते, आणि ताणलेली पारी संधी मिळताच मागे सरते.

5. थंडावा

पिवळा डाग आणि विरघळलेली मुरड असेल तर उत्तर इथे आहे. लोणी 32 ते 35 अंशांना वितळतं. मैदा आणि अंडं आकार धरतात ते 60-70 अंशांच्या पुढे. या दोहोंमधला काळ किबिनासनं कसाबसा उभं राहून काढायचा असतो. फ्रिजमधून थंडगार निघालेली मुरड हा काळ तगते. तासभर ओट्यावर बसलेली मुरड ओव्हनमध्ये जायच्या आधीच मऊ असते.

पीठ मळून किमान एक तास फ्रिजमध्ये. भरून मुरडून झालेले किबिनाय ट्रेसकट अर्धा तास फ्रिजमध्ये. हा दुसरा अर्धा तास बहुतेक जण गाळतात.

त्या थांबण्याचा आणखी एक फायदा. मळताना आणि लाटताना मैद्याला जो ताण येतो तो विसावतो. लाटलेली पारी लाटणं उचलताच आक्रसत असेल तर पीठ फार मळलं गेलंय. झाकून पाच-दहा मिनिटं सोडा, मग परत लाटा. हे पीठ पुरणपोळीच्या कणकेसारखं तिंबायचं नसतं. गोळा झाला की हात काढायचा.

मुंबई-कोकणाकडे मे महिन्यात करणार असाल तर स्वयंपाकघर 33 अंशांचं, म्हणजे लोणी वितळायच्याच बेताचं. पहाटे करा, एका वेळी चारच लाट्या बाहेर काढा. आपल्याकडचं नेहमीचं पिवळं बटर खारट असतं, ते वापरलं तर पिठातलं मीठ वगळा. ग्रिएतिनेऐवजी मी घरी आल्यावर घट्ट चक्का आणि ताजं क्रीम अर्धं-अर्धं घेतो. दही नुसतं घालू नका, पाणी फार. आणि आपलं मटण बोकडाचं, मेंढीपेक्षा कमी चरबीचं, म्हणून खाटकाला थोडी चरबी मागून घ्या. नाहीतर पाचवं लक्षण, कोरडा गोळा आणि पोकळी, ठरलेलं.

6. ट्रे आणि ओव्हनचा खरा आकडा

आतापर्यंत खर्च शून्य. आता थोडे पैसे लागतील: ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर. ओव्हनच्या खटक्यावरचा आकडा हा निर्मात्याचा आशावाद असतो. माझ्या आधीच्या भाड्याच्या घरातला ओव्हन 200 वर ठेवला की आत 165 दाखवायचा. दोन हिवाळे मी मुरडीला शिव्या घातल्या.

थर्मामीटर मधल्या फळीवर ठेवून वीस मिनिटं तापवा आणि बघा. मी 200 अंशांवर सुरू करतो, पंधरा मिनिटांनी 180 वर आणतो, आणखी वीस मिनिटं ठेवतो. सुरुवातीची तेज आच पारीला लवकर आकार धरायला लावते. ओव्हन 20 अंशांनी कमी दाखवत असेल तर खटका 20 अंशांनी वाढवा, विषय संपला.

ओल्या बुडासाठी: एक रिकामा जाड ट्रे ओव्हनमध्येच तापू द्या आणि किबिनाय बेकिंग पेपरसकट त्यावर सरकवा. सिलिकोनची चटई काढून टाका, ती खालची आच अडवते. ट्रे एक फळी खाली न्या. ओटीजीमध्ये वरची-खालची दोन्ही कांबी चालू आहेत ना, खटका फक्त वरच्या चित्रावर तर नाही ना, हेही बघा. हसू नका, मी हे एका इंजिनिअरच्या घरी पाहिलंय.

7. खिमा सोडा, चाकू घ्या

सगळं केलं तरी आत पोकळी आणि कोरडा गोळा येतोय, मग मेहनतीचं काम करा. यंत्रातून काढलेला खिमा भाजताना एकसंध आक्रसतो, गोळा होतो आणि आपलं पाणी पिळून बाहेर टाकतो. चाकूनं हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे केलेलं मांस तसं एकजीव होत नाही. रस तुकड्यांच्या मधे राहतो. माझ्या एका सहकाऱ्याची आई त्राकायची. तिनं माझा किबिनास कापला, आत बघितलं, आणि काही न बोलता स्वयंपाकघरातून चाकू आणून माझ्या पुढ्यात ठेवला. अर्धा किलोला वीस मिनिटं लागतात. अर्धवट गोठलेलं मांस सोपं चिरतं.

पिठात यीस्ट घालून करत असाल तर एवढंच: भरल्यावर फुगायला वीस मिनिटांहून जास्त ठेवू नका. फुगणारं पीठ स्वतःच मुरड ढकलून उघडतं. इथल्या लाशिनेचेय, म्हणजे डुकराची खारवलेली चरबी आणि कांदा भरलेल्या बनांनाही हेच लागू, फक्त त्यांची शिवण खाली ठेवायची.

इथे थांबा

भोक, काठ, कांदा, वजन, थंडावा हे सगळं नीट करून लागोपाठ तीन वेळा बिघडलं, तर पदार्थ तपासणं बंद करा. दोष ओव्हनमध्ये आहे.

थर्मामीटरवर 30 अंशांहून जास्त फरक असेल, किंवा आकडा एका जागी न थांबता 40-50 अंश वर-खाली होत असेल, तर तापमान राखणारा भाग गेलाय. खालची कांब तापतच नसेल तर ती जळाली आहे. दरवाज्याच्या कडेनं वाफ येत असेल आणि रबर चिरलेलं दिसत असेल, तर तेवढं रबर तुम्ही आणून बसवू शकता, बऱ्याच ओव्हनना ते हुकांवर नुसतं अडकवलेलं असतं. बाकी कशालाही हात लावू नका. मागचं झाकण उघडून कांब बदलल्याचे व्हिडिओ मीही बघितलेत. इलेक्ट्रिशियन किंवा कंपनीचा माणूस बोलवा. भाड्याचं घर असेल तर घरमालकाला कळवा.

ओव्हन लावला की घराचा एमसीबी पडतो, ओव्हनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, जळक्या वायरचा वास येतो: यातलं एकही असेल तर मेन स्विच बंद करा आणि ओव्हन दुरुस्त होईपर्यंत लावू नका. एकदा बघू, असंही नाही. गॅसचा ओव्हन असेल आणि गॅसचा वास आला तर व्हॉल्व बंद, खिडक्या उघड्या, कुठल्याही बटणाला हात नाही, आणि घराबाहेर जाऊन फोन: लिथुआनियात 112, भारतात एलपीजीसाठी 1906.

एक नियम मांसाचा. शंका आली तर सुईचा थर्मामीटर भोकातून मधोमध घाला. 75 अंश दाखवले पाहिजेत. कमी असेल तर वरून अॅल्युमिनियमचा कागद टाकून परत आत. कच्च्या सारणाचे किबिनाय ओव्हन मधेच बंद पडल्यामुळे दोन तासांहून जास्त कोमट पडून राहिले असतील तर फेकून द्या, परत भाजू नका.

नुसते उकललेले, पण आतून नीट शिजलेले किबिनाय मात्र टाकायचे नाहीत. इथे ते तसेही कपभर कढत सुल्तिनीसबरोबर, म्हणजे नितळ रश्श्याबरोबर खातात. फुटलेले त्यात बुडवून खा. उरलेले सकाळी 160 अंशांवर दहा मिनिटं गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये पारी चामड्यासारखी होते.